नानांचा पिवळा ठिपका

आमच्या गल्लीतल्या निम्म्याअधिक वस्तूंवर एक पिवळा ठिपका आहे. रंग तुरीच्या फुलाचा, आकार तुरीच्या दाण्याएवढा. माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकाशी तो आहे, समोरच्यांच्या फाटकाच्या बिजागरीवर आहे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या हातगाडीवर आहे आणि दत्ताच्या देवळातल्या घंटेच्या कडीवरही आहे. नवे भाडेकरू पहिल्याच आठवड्यात दबक्या आवाजात विचारतात, "ही कसली खूण?" त्यांना चोरांची शंका आलेली असते. आम्ही सांगतो, "घाबरू नका. नाना पास करून गेलेत."

नाना म्हणजे रंगनाथनाना. गारखेड्यातल्या माझ्या घराची आणि त्यांच्या घराची एक भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्यांचा पाना जमिनीवर पडला की माझ्या फडताळातल्या कपबश्या किणकिणतात. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. समोरून सरकत येणारा प्रत्येक नग उचलायचा, मापायचा, कानाशी नेऊन टिचकी मारायची आणि पसंत पडला तर बारीक कुंचल्याने त्यावर पिवळा ठिपका ठेवायचा. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी बहिणीला देऊन टाकली. कुंचला आणि रंगाची बाटली मात्र सदऱ्याच्या खिशातून घरी आली.

ठिपक्याचे मूळ त्याहूनही मागे आहे. नानांचे वडील मेंढरे राखत. कळपात कळप मिसळले तर आपले मेंढरू ओळखता यावे म्हणून ते प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा एक फटकारा ओढत. "आमचा बाप जिभंनं असा एक आवाज करायचा," असे सांगून नाना टाळूला जीभ लावतात आणि ओले लाकूड फुटावे तसा आवाज काढतात, "की दोनशे मेंढरं जागच्या जागी! एक पाय पुढं नाय. पळवायला काय ताई, कुत्रंबी पळवतं."

या एका आवाजातून नानांचे सगळे तत्त्वज्ञान निघाले. नवी सायकल मिरवणाऱ्या मुलाला ते विचारणार, "पळती व्हय? आधी थांबून दाखव." नवी मोटारसायकल घेतलेल्या माणसाचे पेढे खाण्याआधी, "आधी थांबून दाखवा." एका गणेशोत्सवात कवितेवर माझे व्याख्यान होते. नाना पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून अभिप्राय आला, "ताई, उचल लई भारी हाय तुमची. पन ब्रेक लागत नायत. तीनदा वाटलं, संपलं. तीनदा तुम्ही पुढं निघून गेलात." महाविद्यालयात वीस वर्षे शिकवताना इतके नेमके परीक्षण मला कुणी ऐकवले नव्हते.

त्यांची एकुलती मुलगी सुवर्णा. तिला पाहायला आलेल्या मुलाला पोहे मिळण्यापूर्वी गल्लीत जावे लागले. नानांनी रस्त्यावर खडूने रेघ ओढली आणि म्हणाले, "कोपऱ्यावरून या आन् इथं थांबा." मुलाचा मामा रागावला. मुलगा मात्र हसला, मोटारसायकलवरून आला आणि रेघेच्या हातभर अलीकडे थांबला. नानांनी ते अंतर वितीने मोजले. "अंतर ठिवून थांबतो," ते मुलाच्या मामाला म्हणाले, "आता पत्रिका नाय बघितली तरी चालंल." सुवर्णा चाळीसगावला नांदायला गेली आणि तिथल्याच एका बँकेत नोकरीला लागली. तिची आई हे लग्न पाहायला नव्हती; ती आदल्याच वर्षी गेली होती. मला वाटते, गल्लीतले ठिपके वाढले ते त्यानंतरच.

नोकरीला दोन वर्षे झाली आणि सुवर्णाने तिच्या मनातली गाडी घेतली. नवी नव्हे, वीस-बावीस वर्षांची. एकेकाळी शर्यतीच्या नादातली पोरे ज्या गाड्यांसाठी रात्ररात्र तळमळत, त्यांतली ही एक. ठेंगणी, लाल, उन्हात बोनेटचा रंग पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबट, फिकटलेला. पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून ती गाडी घेऊन सुवर्णा थेट बापाच्या दारात आली. इंजिनाचा आवाज असा की माझ्या खिडकीची तावदाने आधी थरथरली आणि मग गाडी दिसली.

नानांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. चाकांच्या जाळीतून आत पाहिले. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "इंजिन शर्यतीचं आन् ब्रेक सायकलीचे! सुवर्णे, ही तू चालवत आणलीस?"

"हो नाना. कशी पळते बघा ना!"

"ते मला नको सांगू. किल्ली दे."

किल्ली त्यांच्या खिशात गेली. चाळीसगावच्या वाटेवर कन्नडचा घाट लागतो, आणि या ब्रेकवर तो घाट उतरायचा नाही, असा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला. ब्रेक होईपर्यंत गाडी इथून हलणार नव्हती. सुवर्णाने फोनवर परदेशी ब्रेकचा एक पूर्ण संच दाखवला. त्याची किंमत त्या गाडीपेक्षा जास्त होती. नानांनी चष्मा वर ढकलून ते चित्र पाहिले आणि फोन परत दिला. "मेंढरापरीस घुंगरू महाग? नाय. स्वस्तात करू. पन हलकं नाय करायचं."

अशी ती दुरुस्ती सुरू झाली. आधी टायर बदलले. मला हे अजब वाटले, कारण काम ब्रेकचे होते. "ताई, ब्रेक चाकाला थांबवतो," नाना म्हणाले, "गाडीला थांबवतो तो टायर." मग जुने ब्रेक ऑइल काढले. बाटलीत ते काढ्यासारखे काळपट दिसत होते आणि त्याला एक गोडसर, कडवट वास होता. फुगलेले रबरी पाइप गेले, त्यांच्या जागी पोलादी जाळीचे आले. अडकलेल्या पिना निघाल्या, घासल्या गेल्या, ग्रीस लावून परत बसल्या. नव्या भागांपैकी एकही भाग मिरवण्यासारखा नव्हता. पण प्रत्येक वेळी पेडल थोडे वर येई आणि नानांचा चेहरा थोडा उजळे.

राहिल्या मोठ्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या. त्याच कंपनीच्या दुसऱ्या, वजनदार गाडीच्या डिस्क आणि त्यांना पकडणारे कॅलिपर हिला बसतात, हे नानांना ठाऊक होते. त्यांसाठी ते जुन्या शहरातल्या भंगारवाल्या सत्तारभाईंकडे गेले. त्या दिवशी मला गुलमंडीत साडी फॉल लावायला द्यायची होती, म्हणून मीही बरोबर होते. दुकानात लोखंडाचा ढीग, वर पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी आणि तेलकट धुळीचा वास. नाना एकेक डिस्क उचलून टिचकी मारत, कान लावत आणि बाजूला ठेवत.

"नाना, ब्रेक ले रे कि तबला?" सत्तारभाई म्हणाले.

"तडा गेलेली डिस्क बद्द वाजती, सत्तारभाई. आपल्या हाडासारखी."

"हौ, मेरे घुटने भी वैसेच बजते. उनपे भी एक पीला टिपका लगा देव."

तासाभराने एक जोडी पसंत पडली. घरी आणली, घासली, बसवली. आणि चाक चढेना! कॅलिपर मोठा, रिम लहान. आतून दोन सूत, म्हणजे पाव इंच, अडत होते. ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढा फरक पकडला, तो रिमचे आतले माप घ्यायला विसरला! गल्लीत दोन दिवस हाच विषय होता. नाना ओशाळले नाहीत. "आता मोठी रिम बघावी लागंल," ते शांतपणे म्हणाले, "टाइम लागंल." त्या 'टाइम लागंल'मध्ये एक समाधान होते. ते मला तेव्हा ऐकू आले, पण समजले नाही.

सुवर्णा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येई. बँकेला सुट्टी असे. सकाळी आली की ती जुना ड्रेस चढवी, केस वर बांधी आणि गाडीत बसे. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा नट ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडा निघून गेला की नट आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचे. भिंतीपलीकडून मला ते ऐकू येई.

"दाब."

"दाबला."

"धर... धर... सोड."

"सोडला."

"मी सांगेपर्यंत सोडू नको हां. आधी सोडलंस तर हवा परत आत जाती."

"माहीत आहे हो, नाना! इतकी वर्षं तेच करतेय."

दोन माणसांनी एका सुरात जात्यावर बसावे, तशी ती लय होती. मधूनच हसू येई, मधूनच गावाकडच्या कुणाच्या म्हशीची चौकशी. दुपारी वांग्याच्या भाजीचा आणि ब्रेक ऑइलचा वास एकाच खिडकीतून यायचा. संध्याकाळी सुवर्णा परत जायची, आणि नाना हातातल्या चिंधीने आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत फाटकाशी उभे राहायचे.

मोठी रिम मिळाली. डिस्क बसली. मग डिस्कला घासणारे पॅड आवाज करतात असे ठरले. पॅड बदलले. मग पेडल 'जरासं मऊ' वाटू लागले. पुन्हा हवा. गल्लीतल्या इस्त्रीपासून घंटेपर्यंत सगळे पास झाले. नापास राहिली ती एकटी लाल गाडी.

या वर्षी श्रावणात सुवर्णाने निक्षून सांगितले. "नाना, या दसऱ्याला मी गाडी नेणार. किती दिवस जीप आणि बस धरायची? आणि काकू, तुम्ही साक्षीदार. एकदा यांच्याबरोबर बसून बघा, थांबते की नाही ते."

म्हणून एका रविवारी सकाळी मी त्या गाडीत बसले. वाळूजकडचे रस्ते सुट्टीमुळे रिकामे होते. कारखान्यांच्या भिंतींवर कोवळे ऊन होते आणि गवतातून ओल्या मातीचा थंड वास येत होता. नानांनी वेग घेतला, ब्रेक दाबला, गाडी जवळजवळ थांबत आणली आणि पुन्हा वेग घेतला. असे आठ-दहा वेळा. उभ्या राहिलेल्या गाडीचे पॅड डिस्कशी असे पुन्हा मुरवावे लागतात, हे त्यांनी समजावले. तापलेल्या लोखंडाचा, भट्टीतल्या विटेसारखा वास आत आला. मग बराच वेळ ते हळू चालवत राहिले, वास विरेपर्यंत.

शेवटी ते म्हणाले, "धरून बसा." गाडी सुसाट निघाली, लिंबाची झाडे हिरवी रेघ झाली, आणि नानांनी ब्रेक दाबला. गाडी डगमगली नाही, ओरडली नाही. जणू कुणी टाळूला जीभ लावून एक आवाज केला आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. पुढे गेली ती फक्त माझ्या मांडीवरची पिशवी.

"नाना," मी म्हणाले, "ही पास आहे."

ते समोर पाहत राहिले. स्टिअरिंगवर ठेवलेल्या बोटांच्या नखांत काळे ग्रीस होते. "नाय ताई. अजून मन भरत नाय."

"रिमचं माप खरंच घ्यायचं राहिलं होतं का हो?"

बाहेर एक टिटवी ओरडत गेली. नखातले ग्रीस कोरत नाना म्हणाले, "ठिपका लावला की काम संपलं. काम नसल्यावर लेक दर महिन्याला कशाला येईल? तिलाबी तिचं घर हाय. नुसतं बापाचं तोंड बघायला ये, असं कसं म्हणावं मानसानं?"

मी पायाशी पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी दळणाचा डबा घेऊन फाटकाबाहेर पडत होते. सुवर्णा आली होती. गाडी जॅकवर होती. नानांनी पुन्हा हवा काढायचे ठरवले होते. तिने बाह्या वर सरकवल्या, आणि नानांच्या हातातला पाना थांबला. तिच्या उजव्या कोपरावर खपली पडून गुलाबी राहिलेला, तळहाताएवढा वण होता.

"हे काय?"

"काही नाही हो. मागच्या वेळी इथून जाताना झालं. बस चुकली म्हणून काळी-पिवळी जीप धरली. घाटात तिचे ब्रेकच लागेनात. ड्रायव्हर हुशार, त्याने डोंगराच्या बाजूला घासत घासत उभी केली. सगळी बायका-माणसं देवाचं नाव घेत होती, आणि मला नुसतं तुमचं 'आधी थांबून दाखव' आठवत होतं!" ती हसली. "कुणाला काही झालं नाही, नाना. म्हणून तर सांगितलं नाही."

नाना हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "पेडल खाली गेलं, का कडक झालं?"

"मला काय माहीत? मी मागच्या बाकावर होते."

"मागच्या बाकावर," नाना म्हणाले. ते मागे सरकले आणि खालीच बसले. घंटेची कडी तपासणारा, इस्त्रीच्या गाडीचे चाक तपासणारा हा माणूस. त्याची लेक तीन वर्षे दर महिन्याला न तपासलेल्या ब्रेकवर घाट उतरत होती. आणि तपासलेले ब्रेक अंगणात जॅकवर उभे होते. हे सगळे त्यांच्या चेहऱ्यावर एकेक अक्षर उमटावे तसे उमटत गेले. डबा माझ्या हातात तसाच राहिला.

मग ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती बाटली होती. चारही चाकांपाशी ते गुडघे टेकून बसले. चार ठिपके लागले. मग जॅक काढला, किल्ली धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्यापुढे धरली.

"घेऊन जा. आजच."

"अहो, दसऱ्याला नेणार होते ना मी? आज हवा काढायचीय."

"हवा नाय त्यात." नानांनी मान वर केली नाही. "पोरी, आखाडापासून गाडी पास हाय. मीच..."

सुवर्णाने किल्ली घेतली नाही. आधी त्यांच्या सदऱ्याला लागलेला रंग बोटाने टिपला. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "पेडल कोण दाबत होतं, नाना? पायाला कळतं."

"मंग बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

ती गेली तेव्हा ऊन कलले होते. नानांनी काचेपाशी वाकून बजावले, "घाटात दुसऱ्या गिअरात राहा. ब्रेकवर पाय ठिवून बसू नको. तापले वाटले तर थांब, गार हू दे." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज बराच वेळ माझ्या तावदानांत उरला होता. दिवेलागणीला फोन आला. भिंतीपलीकडून मला एकच बाजू ऐकू येत होती. "पोचलीस? ... वळणावर दाबून बघितलास? ... थांबली? ... व्हय. व्हय. थांबणारच की."

त्यानंतरचा दुसरा शनिवार आला. सुवर्णाच्या सासरी कसलेसे कार्य होते; ती दिवाळीत यायची होती. सकाळपासून पलीकडे शांतता होती. एकदाही पाना पडला नाही. माझ्या कपबश्या इतक्या गप्प होत्या की मला लिहिण्यात लक्ष लागेना.

दहाच्या सुमारास फाटक वाजले. नाना उभे होते, आंघोळ केलेले, हातात पान्यांची पिशवी. माझ्या स्कूटीजवळ जाऊन त्यांनी मागच्या चाकाकडचा पिवळा ठिपका नखाने खरवडला. तो मुळीच निघत नव्हता. ते खरवडत राहिले.

"हा ठिपका जुना झाला, ताई. परत तपासावं लागंल." आणि मग पान्यांची पिशवी खाली ठेवत, "आवाज-बिवाज येतो का ब्रेकचा?"

आदल्याच दिवशी मी ती स्कूटी क्रांती चौकातल्या गर्दीत अगदी अलगद थांबवली होती.

"येतो हो नाना," मी म्हणाले. "चांगलाच येतो. तुम्हाला सांगणारच होते."

त्यांचा चेहरा उजळला. ते चाकाशी उकिडवे बसले, चष्मा वर ढकलला आणि मला सीटवर बसायची खूण केली. अंगणात प्राजक्ताची फुले ओलसर पडली होती, आणि त्यांच्या वासात ग्रीसचा वास मिसळू लागला.

"दाबा."

"दाबला."

"धरा," नाना म्हणाले.

मी ब्रेक धरून बसले. 'सोडा' म्हणायला त्यांनी बराच वेळ लावला. मला घाई नव्हती.